गुळवेल ओळखा, मगच तोडा



गेल्या महिन्यात मुरबाड तालुक्यातल्या एका शेतकरी श्रोत्याचे पत्र आले. पत्र लांबलचक होते, पण त्यातला मुद्दा थोडक्यात सांगतो. त्यांच्या बांधावर वाडवडिलांच्या काळापासून गुळवेल आहे, करंजावर चढलेली. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीने डोंबिवलीहून, आपल्या गॅलरीतल्या कुंडीतून, गुळवेलीची आणखी एक फांदी आणून दिली. 'दादा, ही लाव, नर्सरीतून घेतलेली आहे, जोरात वाढते,' असे ती म्हणाली. ती दुसऱ्या बांधावर लावली, आणि खरोखरच जोरात वाढली. आता व्यापारी माल मागतो आहे. त्यांनी दोन्ही बांधांवरची वेल तोडून, तुकडे करून, दोन गोणी भरून ठेवल्या आहेत. आणि मग कोणीतरी त्यांना सांगितले की गुळवेलीने म्हणे लिव्हर बिघडते, मुंबईत माणसे आजारी पडली. तेव्हा त्यांनी विचारले आहे की हे खरे काय, आणि आमचा माल विकावा की नाही?

प्रश्न एकट्या त्यांचा नाही. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर या सगळ्या भागात बांधाला, कुंपणाला, देवळामागच्या झाडाला गुळवेल असतेच. आपल्या आज्या तापाला तिचा काढा देत. गुराने चारा सोडला तर तिचा पाला चारणारीही माणसे आहेत. पण ही वेल विकायची वस्तू आहे, असे आपल्यापैकी किती जणांना वाटत होते? फार थोड्यांना. २०२० साली कोरोना आला आणि चित्र पालटले. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने कोरोनासाठी जी नियमावली काढली तिच्यात गुळवेलीच्या गोळ्यांचा समावेश होता. मग काय विचारता! शहरातल्या घराघरांत सकाळचा काढा सुरू झाला. कल्याण-डोंबिवलीत, ठाण्यात, बिल्डिंगच्या आवारात, गॅलरीच्या गजांना, मिळेल तिथे लोकांनी वेल लावली. टोपलीत रानभाजी घेऊन येणाऱ्या आदिवासी भगिनींकडे लोक गुळवेलीच्या जुड्या मागू लागले.

याच वेळी आपल्या शहापूर तालुक्यात एक मोठी गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. तिथल्या कातकरी तरुणांनी मिळून आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था चालवली आहे. रानातली गुळवेल गोळा करायची, साफ करायची, वाळवायची आणि एकत्र विकायची, असे त्यांचे काम. वनधन योजनेचा त्यांना आधार मिळाला, आणि २०२१ साली मोठ्या औषध कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी त्यांच्याकडे आली. ज्या कातकरी समाजाला वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या राबावे लागले, त्याच्या हातात एका रानवेलीने एवढा व्यवहार आणून दिला. मला विचाराल तर कोरोनाच्या त्या वाईट दिवसांतली आपल्या जिल्ह्यातली ही फार चांगली बातमी होती.

आता दुसरी बाजू. त्याच २०२० सालच्या अखेरच्या महिन्यांत मुंबईत काही माणसे काविळीने आजारी पडून दवाखान्यात आली. डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा प्रत्येकजण गुळवेल घेत होता, असे दिसले. अशा सहा रुग्णांची हकीगत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली वैद्यकीय मासिकात छापली. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वेल बंद केल्यावर आणि उपचार केल्यावर बहुतेकांचे यकृत सावरले.

यावर वाद झाला. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये म्हटले की रुग्णांनी खाल्लेली वेल नेमकी कोणती होती याची नीट ओळख पटवलेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असू शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने पुन्हा सांगितले की गुळवेल सुरक्षित आहे, पण तिची एक सख्खी बहीण अपायकारक आहे, तेव्हा ओळखून वापरा. उलट यकृताच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की खरी गुळवेलसुद्धा सगळ्यांना सोसत नाही. काही माणसांच्या शरीराची संरक्षणशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती असते, ती दडलेली असते, आणि गुळवेलीने ती जागी होऊ शकते.

हा वाद डॉक्टर आणि वैद्य मंडळी मिटवतील. आपण शेतकरी. आपला संबंध येतो तो साखळीच्या पहिल्या कडीशी. वेल कोण तोडतो? आपण. गोणीत काय भरले आहे हे कोणाला ठाऊक असते? आपल्याला. एकदा तुकडे होऊन वाळले, आणि त्याची भुकटी झाली, की पुढे कोणालाही नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. म्हणून ओळखीचे काम बांधावर, वेल हिरवी असतानाच झाले पाहिजे.

तर या दोन बहिणी कोणत्या ते पाहू. आपली गुळवेल, तिला शास्त्रात टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणतात. दुसरी टिनोस्पोरा क्रिस्पा. हिला आपल्याकडे रूढ मराठी नाव नाही, कारण ती मुळात आपल्या रानातली नाही. ती आपल्या देशाच्या ईशान्य भागात आणि त्याच्या पलीकडे ब्रह्मदेश, सयाम, मलाया, इंडोनेशिया, फिलिपाईन्स या मुलखांत होते. आपण बोलण्याच्या सोयीसाठी तिला 'खरखरी वेल' म्हणू. का, ते पुढे कळेल.

प्रथम सांगतो, कशावरून ओळखू नये. कारण नेमकी तिथेच फसगत होते.

पानावरून ओळखू नका. दोघींची पाने हृदयाच्या आकाराची, विड्याच्या पानासारखी, गुळगुळीत. हातात दोन पाने देऊन 'सांगा पाहू' म्हटले तर मीही चुकेन.

कडू चवीवरून ओळखू नका. 'चावून पाहिली, कडू लागली, म्हणजे गुळवेल' असे गावात सर्रास म्हणतात. अहो, दोघीही कडू आहेत! खरखरी तर तोंड वाकडे व्हावे इतकी कडू असते.

लोंबणाऱ्या मुळांवरून ओळखू नका. गुळवेलीला उंचावरून दोऱ्यासारखी मुळे जमिनीकडे सुटतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. खरखरीलाही तशीच सुटतात.

आणि चक्रावरूनही ओळखू नका. गुळवेलीचे खोड आडवे कापले की बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. म्हणून संस्कृतात तिला चक्रलक्षणा म्हणतात. खूण जुनी आहे, चांगली आहे, पण ती साऱ्या घराण्याची खूण आहे. तिने ही वेल गुळवेलीच्या कुळातली एवढे कळते, कोणती बहीण ते कळत नाही.

मग ओळखायचे कशाने? खोडाच्या कातडीने.

करंगळीपेक्षा जाड झालेले, निदान एक पावसाळा पाहिलेले खोड घ्या. कोवळ्या शेंड्यावर कधीही निर्णय करू नका. आता डोळे मिटा आणि त्या खोडावरून अंगठा फिरवा. गुळवेलीची कातडी पातळ, कागदासारखी असते. नखाने ओढली की पापुद्रा सुटतो आणि आत हिरवेगार दिसते. कातडीवर बारीक पांढुरके ठिपके असतात, अंगावर तीळ असावेत तसे. अंगठ्याला ते जाणवतात, पण थोडेसेच. खरखरीचे तसे नाही. तिच्या करड्या खोडावर सगळीकडे फोड आल्यासारखे उंचवटे असतात. कारल्याच्या पाठीवरून बोट फिरवा, अगदी तसे लागते. म्हणून मी तिला खरखरी म्हणतो. 'तीळ की कारले' एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्याहून अधिक काम झाले.

पण जुनाट गुळवेलीचे बुंधेही खडबडीत होतात, बरं का. मनगटाएवढे जाड, चाळीस पावसाळे पाहिलेले खोड असेल तर ते भेगाळते आणि नवख्याला शंका येते. अशा वेळी त्याच वेलीची मधल्या वयाची फांदी शोधून पाहावी.

दुसरी खूण चिकाची. खोडाला विळ्याने ताजी चीर द्या आणि थांबा. गुळवेलीतून पाण्यासारखा, बोटाला बुळबुळीत लागणारा रस येतो. खरखरीतून दुधासारखा पांढरट चीक येतो. ही खूण सकाळी, वेल पाण्याने टवटवीत असताना पाहावी. उन्हाळ्यात वेल सुकलेली असेल तर चीक दिसेलच असे नाही, आणि दिसला नाही म्हणून ती गुळवेल ठरत नाही.

तिसरी खूण फळाची, आणि ही सर्वांत खात्रीची. गुळवेलीचे फळ पिकले की लालभडक होते आणि वाटाण्यासारखे गोल असते. थंडीच्या दिवसांत पाने गळलेल्या वेलीवर हे लाल घोस लांबूनही दिसतात. खरखरीचे फळ लांबट आणि नारिंगी. फुलांतही फरक आहे. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, खरखरीला तीन. पण फूल इतके बारीक की शाळेतल्या मास्तरांकडून भिंग आणावे लागेल.

फळाच्या बाबतीत एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. गुळवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी, पपईसारखे. नर वेलीला फळ कधीच धरत नाही. एखाद्या गावात एकाच नर वेलीच्या फांद्या सगळ्यांनी लावलेल्या असल्या तर अख्ख्या गावाने तिचे फळ पाहिलेले नसते. तेव्हा फळ नाही म्हणून शंका घेऊ नका, मात्र फळ असेल तर ते जरूर पाहा.

आपल्या रानात गुळवेलीशी घोटाळा होणाऱ्या आणखीही वेली आहेत. कारंद्याचे पान हृदयासारखेच, पण त्याच्या शिरा देठापासून टोकापर्यंत कमानीसारख्या जातात आणि वेलीवर बटाट्यासारखे कारंदे लोंबतात. पहाडवेल आणि वासनवेल याच कुळातल्या, पण बारीक दोरीसारख्या आणि लवदार. आणि गुळवेलीचीच एक तिसरी बहीण सह्याद्रीत आहे, जिच्या पानाची खालची बाजू मखमलीसारखी केसाळ असते. तिला शास्त्रात टिनोस्पोरा सायनेन्सिस, म्हणजे चिनी टिनोस्पोरा म्हणतात. नाव चिनी, राहते आपल्या घाटात! गोणीत तीही नको, कारण व्यापाऱ्याने मागितली आहे ती गुळवेल.

चीनचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. दक्षिण चीनमधल्या जुन्या वैद्यकात हीच केसाळ बहीण वापरतात. तिच्या चिनी नावाचा अर्थ शिरा सैल करणारी वेल असा होतो. सांधे धरले, अंग आखडले, की तिचे तुकडे काढ्यात घालतात. तिबेटी वैद्यही ती वापरतात. आणि आपली ही खरखरी चीनच्या युनान प्रांतात थंडीतापाची वेल म्हणून ओळखली जाते. सयामात, इंडोनेशियात लोक तिचा काढा तापासाठी आणि मधुमेहासाठी पितात. फिलिपाईन्समध्ये तिच्या नावाचा अर्थ चक्क जीवन देणारी असा आहे, आणि तिथले शेतकरी तिचा कडू रस भातावरच्या किडीसाठीही वापरतात.

म्हणजे पाहा, आपल्याकडे अमृता म्हणतात ती एक बहीण, आणि तिकडे जीवन देणारी म्हणतात ती दुसरी. खरखरी ही काही नुसती विषवल्ली नाही. पण ती बरेच दिवस पोटात घेणाऱ्यांचे यकृत बिघडल्याच्या नोंदी परदेशी वैद्यकात झालेल्या आहेत. आणि तिकडच्या वैद्याने तिकडच्या वेलीचे ठरवलेले प्रमाण वेगळे, आपल्या वैद्याने आपल्या वेलीचे ठरवलेले वेगळे. एकीच्या नावावर दुसरी खपली की दोन्ही वैद्यांचे ज्ञान फुकट जाते आणि भोगतो तो रोगी.

आता घरात वापरण्याबद्दल. श्रोते म्हणतील, आमच्या आजीने दिली तेव्हा काही झाले नाही. बरोबर आहे. पण आजी कशी देत होती ते आठवा. ताप आला की दोन-चार दिवस काढा, ताप उतरला की बंद. शहरात काय झाले? ताप नाही, खोकला नाही, तरी रोज सकाळी वर्ष-वर्षभर काढा, वर गोळी, वर रस. ही रीत आपल्या आजीची नव्हे. ती आता गावातही शिरली आहे, ती थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना पूर्वी कावीळ झाली आहे, यकृताचा आजार आहे, दारूची सवय आहे, संधिवातासाठी किंवा थायरॉईडसाठी डॉक्टरांची औषधे चालू आहेत, त्यांनी गुळवेल आपल्या मनाने मुळीच घेऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनीही नाही, कारण गुळवेलीने साखर आणखी उतरते आणि घाम फुटून चक्कर येऊ शकते. गरोदर भगिनींनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी विचारल्यावाचून घेऊ नये. आणि काढा घेत असताना अन्नावरची वासना गेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी बंद करून सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टरांना काय घेत होता ते लपवू नका. पुष्कळदा माणसे झाडपाल्याचे सांगत नाहीत, डॉक्टर रागावतील म्हणून. जाताना वेलीचा वीतभर तुकडा पानासकट पिशवीत घालून न्या.

आता लागवड आणि तोडणी. गुळवेलीसाठी वेगळे शेत अडवायची गरज नाही. भाताच्या बांधावर गिरीपुष्प असेल, करंज, पांगारा, शेवगा असेल, तर त्याच्या बुडाशी ती लावता येते. कडुनिंबावरची वेल वैद्य उत्तम मानतात, पण आपल्या पावसाच्या पट्ट्यात कडुनिंब कमीच. काजऱ्यासारख्या विषारी झाडावर चढलेली वेल औषधाला घेऊ नये असा जुन्या जाणकारांचा रिवाज आहे, तो पाळावा. त्यात आपले काही जात नाही.

बी रुजवण्याच्या भानगडीत पडू नका, ते नीट रुजत नाही. फांदीच लावावी. पेन्सिलीहून जाड, दोन-तीन पेरांची फांदी मृगाच्या सुमारास पिशवीत किंवा सरळ जागेवर लावा. खालचे पेर मातीत, वरचे बाहेर. फांदी मात्र अशाच वेलीची घ्या जिची ओळख तुम्ही स्वतः केली आहे, शक्य तर लाल फळे पाहिलेल्या मादी वेलीची. नर्सरीची पिशवी घेतली तर तिच्यावरची चिठ्ठी पुरेशी नाही. खोडावर अंगठा फिरवा.

तोडणी पाने गळायच्या सुमारास करावी. खोड अंगठ्याहून जाड झालेले हवे. बुंध्यापासून हातभर खोड राखून वरचे कापा, म्हणजे पुढच्या पावसात ते पुन्हा फुटते. मुळासकट ओढून काढणारे लोक मी पाहिले आहेत. कोरोनाच्या घाईत काही रानांत असेच झाले, आणि दुसऱ्या वर्षी तीच माणसे वेल शोधत हिंडत होती. रानातली वेल तोडायची तर वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनोपजावर ज्या ग्रामसभेचा हक्क मान्य झाला आहे, तिच्या ठरावाने तोडावी. दुसऱ्या गावाच्या रानात रातोरात कोयता घालू नये.

तोडल्या दिवशीच माल पाण्याने धुऊन, बोटभर लांबीचे तुकडे करून सावलीत, वाऱ्यावर पसरावा. आपल्याकडे दमट हवा. ढीग करून ठेवलात तर तीन दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशी धरलेला माल कितीही अस्सल असला तरी औषधाला निकामी. तुकडा वाकवल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे, तोवर गोणी भरू नका. गोणीवर गाव, बांध आणि तोडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा. एका बांधाची वेल एका गोणीत. यात कंटाळा करू नका, कारण तक्रार आली तर एकच गोणी परत येते, सगळा माल नाही.

घरच्या घरी सत्त्व काढणाऱ्या भगिनींसाठी एक वाक्य. हिरवे तुकडे ठेचून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी चोळून गाळा, पाणी निवू द्या आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवा. शेरभर वेलीतून चमचा-दोन चमचेच निघते, म्हणून बाजारात स्वस्त सत्त्व दिसले तर ते गव्हाचे किंवा बटाट्याचे पीठ असण्याचा संभव फार.

आता त्या मुरबाडच्या श्रोत्यांकडे वळतो. मी त्यांना कळवले की दोन्ही बांधांवरचे वीतभर तुकडे घेऊन कल्याणच्या बाजाराच्या दिवशी भेटा. ते आले. पिशवीतून दोन तुकडे काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. पहिल्या तुकड्याला नख लावले, पापुद्रा सुटला, आत हिरवे. करंजावरची ती जुनी वेल, अस्सल गुळवेल. दुसऱ्या तुकड्यावर मी अंगठा फिरवला आणि तो त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, "भाऊ, डोळे मिटा आणि सांगा कसं लागतं."

ते म्हणाले, "साहेब, हे तर कारलंच."

डोंबिवलीच्या गॅलरीतून आलेली ती फांदी खरखरीची होती. विकणाऱ्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. त्यालाही कोणीतरी गुळवेल म्हणूनच दिली असेल. त्यांनी विचारले, "दोन गोण्यांतला माल निवडून वेगळा करता येईल का? व्यापारी उद्या येतोय." मी एक मूठ पाहिली. तुकडे वाळले होते, कातडी गळाली होती, काही तुकड्यांवर फोड दिसत होते, काहींवर नाही. मी म्हटलं, "ज्या तुकड्याबद्दल तुमची तुम्हालाच खात्री नाही, तो निवडणार कसा?" ते बराच वेळ गोणीच्या तोंडाकडे बघत राहिले. दोन महिन्यांची मेहनत होती, मुलीच्या फीचे पैसे त्यातून भरायचे होते. मग म्हणाले, "नाही देत."

त्यांनी बहिणीला त्याच संध्याकाळी फोन केला. ती आणि तिच्या सासूबाई चार महिन्यांपासून त्याच कुंडीतल्या वेलीचा काढा घेत होत्या. दोघींनी काढा थांबवला आणि दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घेतले. सासूबाईंचे यकृत थोडे सुजलेले निघाले. डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावले आहे.

राहिली बांधावरची खरखरी. ती काढताना घाई करू नका, हे त्यांनाही सांगितले आणि तुम्हालाही सांगतो. या घराण्याला छिन्नरुहा म्हणतात, म्हणजे तोडली तरी रुजणारी. उपटून बांधाखाली फेकली तर पहिल्या पावसात प्रत्येक तुकड्याला मूळ फुटते. ओढ्यात टाकली तर खालच्या गावाला पोचते. बुंधा खणून काढा, झाडावर राहिलेले वेटोळे आणि दोऱ्यासारखी लोंबणारी मुळेही उतरवा, सगळे फरशीवर किंवा पत्र्यावर कडक उन्हात महिनाभर पसरा, आणि तुकडा मोडून आत ओल नाही असे पाहिल्यावरच चुलीत घाला. पुढचा पावसाळाभर त्या जागेवर लक्ष ठेवा. हृदयासारखे पान उगवलेले दिसले तर ते कोवळे असतानाच मुळासकट काढा. तेवढ्या वयात ते कोणत्या बहिणीचे, हे मलाही सांगता येणार नाही, म्हणून त्या जागी वर्षभर नवी गुळवेल लावू नका.